मारुबो लोकांविषयींची एक वार्ता व तिची पाठपरंपरा

हस्तलिखितें जमविणाऱ्या मंडळींस एक गोष्ट नव्यानें सांगावयास नको. एकाच ग्रंथाच्या शंभर पोथ्या हातीं आल्या म्हणजे शंभर साक्षी मिळाल्या असें होत नाहीं. त्या सर्व एकाच प्रतीवरून उतरल्या असतील तर साक्ष एकच. आणि ती प्रत चुकलेली असेल तर शंभर पोथ्या मिळून चूकही एकच. हा नियम आपण जुन्या कागदांस कसोशीनें लावतों. सकाळीं दारांत पडणाऱ्या वर्तमानपत्रास अगर मोबाइलवर येणाऱ्या बातमीस मात्र लावीत नाहीं. प्रस्तुत लेखकानेंही तो लावला नाहीं, व त्यामुळें त्यास चारचौघांत खालीं पाहावें लागलें. तो प्रसंग प्रथम सांगतों, कारण पुढील सर्व शोध त्यांतूनच निघाला.

जून २०२४ मधील गोष्ट. दर गुरुवारीं सायंकाळीं आमच्या येथें पांचसहा जुनीं माणसें जमतात; कोणी नवा सांपडलेला कागद दाखवितो, कोणी एखादी शंका काढतो. त्या दिवशीं मीं एका दैनिकांतील चौकट मोठ्यानें वाचून दाखविली. ब्राझील देशाच्या अरण्यांत मारुबो नांवाची एक जमात आहे, जगापासून ती आजवर अलिप्त होती, तिला इंटरनेट मिळालें, आणि नऊ महिन्यांच्या आंत ती सारी जमात अश्लील चित्रफितींच्या नादीं लागली, असा त्या चौकटींतील मजकूर होता. वाचून झाल्यावर मीं आपली दोन वाक्यांची टीकाही जोडली. विषयांच्या चिंतनानें पुरुषाचा नाश कसा होतो हें सांगण्याची संधि संस्कृताचा शिक्षक सहसा सोडीत नाहीं. सर्वांनीं माना डोलावल्या. माझा एक जुना विद्यार्थी तेथें होता. तो हल्लीं मोडी कागदांचा संग्रह करितो. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, मूळ पाहिलें आहे का आपण?" मीं मूळ पाहिलें नव्हतें. मूळ कोठें आहे हेंही मला ठाऊक नव्हतें. हाच प्रश्न मीं तीस वर्षें वर्गांत मुलांस विचारीत आलों होतों.

पुढल्या गुरुवारीं त्यानें मूळ लेख छापून आणून दिला. तो न्यूयॉर्क टाइम्स ह्या अमेरिकन दैनिकांत २ जून २०२४ रोजीं प्रसिद्ध झालेला असून, त्याचा लेखक व छायाचित्रकार हे दोघे त्या प्रदेशांत स्वतः गेलेले होते. म्हणजे ही प्रत प्रत्यक्षदर्शीची होय, व तिचा मान त्या दृष्टीनें ठेवला पाहिजे. लेख लांब आहे. त्यांतील हकीकत थोडक्यांत अशी:

मारुबो लोक सुमारें दोन हजार. इतुई नदीच्या कांठीं दूरदूर पसरलेल्या वस्त्यांतून ते राहतात. स्टारलिंक नांवाच्या खाजगी कंपनीची, उपग्रहांच्या द्वारें चालणारी इंटरनेटची सेवा ब्राझीलमध्यें २०२२ सालीं सुरू झाली. जमातीच्या एका कर्त्या पुरुषानें खटपट करून एका अमेरिकन बाईंकडून वीस अँटेना देणगी म्हणून मिळविल्या. त्या अरण्यांतून वाहून नेऊन वस्त्यांवर बसविण्यांत आल्या. परिणाम दोन्ही प्रकारचे झाले. सर्पदंश झाला असतां पूर्वीं मदत मिळण्यास फार वेळ लागे, ती आतां तात्काळ बोलावितां येऊं लागली. दूरच्या नातलगांशीं बोलणें होऊं लागलें. एका वस्तीस दुसरीची खबर कळूं लागली. उलटपक्षीं तरुण मुलें दिवसभर फोन घेऊन लोळूं लागलीं, कामें मागें पडूं लागलीं, लबाडांचे संदेश येऊं लागले. तेव्हां पुढाऱ्यांनीं वेळ बांधून दिली: सकाळीं दोन तास, सायंकाळीं पांच तास, व रविवारीं दिवसभर. एका वृद्धेनें तरुणांच्या आळसाबद्दल तक्रार केली, पण इंटरनेट काढून घेऊं नका असेंही बजावलें.

ह्या सर्व विस्तारांत अश्लील चित्रफितींचा उल्लेख किती? एका पुढाऱ्याची तक्रार आहे कीं, तरुण मुलें आपापल्या गटांत तसल्या चित्रफिती एकमेकांस धाडतात, आणि ज्या समाजांत चारचौघांत चुंबन घेणेंही शिष्टसंमत नाहीं, त्यास हें शोभत नाहीं. मुलांच्या दृष्टीस तसलें कांहीं पडतें ही काळजी इतर काळज्यांच्या रांगेंत एकदां आली आहे. ह्यापलीकडे कांहीं नाहीं. लेखाच्या शीर्षकांत ह्या विषयाचा शब्दही नाहीं, आणि जमात व्यसनाधीन झाली असें विधान कोठेंही नाहीं. एका घरच्या वडील माणसानें आपल्या घरांतील पोरांविषयीं केलेली ही कुरकूर आहे. असली कुरकूर पुण्यांत, पणजींत किंवा न्यूयॉर्कांत कोणत्याही ओसरीवर ऐकूं येईल.

आतां नकलांकडे वळूं. पोथी नकलितांना काय काय होतें हें वाचकांस माहीत आहे. समासांत कोणी एक टीप लिहून ठेवतो. पुढला लेखक ती मूळांतलीच समजून ओळींत घेतो. त्यापुढला ती अध्यायाच्या आरंभीं आणतो. मारुबोंच्या बातमीचें तंतोतंत असेंच झालें. एका सनसनाटी दैनिकानें ती तक्रार उचलून शीर्षकांत घातली. इतर संकेतस्थळांनीं शीर्षकच तेवढें घेतलें. 'एका पुढाऱ्याची तक्रार' ह्याच्या जागीं 'जमात' हा कर्ता आला, आणि 'पाहतात' ह्या क्रियापदाच्या जागीं 'व्यसनी झाली' हें क्रियापद आलें. त्याच वेळीं दुसरें एक घडलें, तें म्हणजे पाठ गळणें. सर्पदंशाचा मजकूर गळला, पुढाऱ्यांनीं वेळ बांधून दिल्याचा मजकूर गळला, आणि त्या वृद्धेचें दुसरें वाक्य तर बहुतेक ठिकाणीं गळलें. मला तें गळणेंच अधिक लागलें. प्रक्षेप एक वेळ डोळ्यांत भरतो. गळलेलें कळण्यास मूळ प्रतच हवी. मीं स्वतः ज्या दहाबारा नकला पाहिल्या, त्यांपैकीं एकीच्याही लेखकानें आपण इतुईच्या कांठीं गेल्याचा दावा केलेला नाहीं. तें सर्व एकाच घराण्याचें हस्तलिखित होय.

मूळ लेख छापणाऱ्या दैनिकासच ११ जून २०२४ रोजीं त्याच लेखकाच्या सहीनें दुसरा लेख छापावा लागला. मारुबो लोक असे व्यसनी नाहींत, अरण्यांत तसें कोठें दिसलें नाहीं, आणि मूळ लेखांत तसें म्हटलेलेंही नाहीं, असें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. जगांतील शंभराहून अधिक संकेतस्थळांनीं तो विपर्यस्त पाठ छापल्याचें त्यांतच नमूद आहे. ज्या दैनिकांतून मीं चौकट वाचून दाखविली, त्यानें हा दुसरा लेख छापला किंवा कसें तें पाहण्यासाठीं मीं पुढील दोन महिन्यांचे अंक चाळले. मला तो आढळला नाहीं. शुद्धिपत्र पोथीच्या शेवटच्या पानावर असतें, आणि शेवटचें पान बहुधा वाळवीनें खाल्लेलें असतें.

येथें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताची आठवण होणें साहजिक आहे. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांनीं आदिपर्वाची चिकित्सित आवृत्ति १९३३ सालीं पुरी केली, तेव्हां व्यासांच्या सांगण्यावरून गणपतीनें भारत लिहून घेतल्याची कथा त्यांनीं संहितेंतून काढून परिशिष्टांत ठेवली. लोक हळहळले. ही कथा कोणास ठाऊक नाहीं? पण सर्वांस ठाऊक असणें हा मूळांत असल्याचा पुरावा नव्हे, हें सुखटणकरांनीं पोथ्यांचीं घराणीं लावून दाखविलें. संख्येनें मोजूं गेल्यास अशा पाठांचाच जय व्हावयाचा, कारण जो पाठ रुचतो त्याच्याच नकला अधिक होतात. जुन्या लेखकास निदान पुण्याची आशा होती. हल्लींच्या संकेतस्थळास वाचक जितके येतील तितकें जाहिरातीचें उत्पन्न. म्हणून रुचकर पाठ पसरविण्यास त्यास प्रत्यक्ष द्रव्याची प्रेरणा आहे.

परंतु हाच पाठ का रुचला? ह्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. सभापर्वांत सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयांत कर्णप्रावरण नांवाचे लोक येतात, म्हणजे कान हेंच ज्यांचें पांघरूण ते. किष्किंधाकांडांत सुग्रीव वानरांस दिशा सांगतो तेथेंही ते आहेत. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारीं आलेला ग्रीक वकील मेगॅस्थिनीस ह्याच्या ग्रंथांत 'कानांत निजणारे' अशा अर्थाच्या नांवाचे लोक हिंदुस्थानांत असल्याचें लिहिलेलें होतें. त्याचा ग्रंथ नष्ट झाला. उतारे शिल्लक आहेत, व ते श्वानबेक ह्या जर्मन पंडितानें १८४६ सालीं एकत्र केले. मेगॅस्थिनीसानें ही गोष्ट आपल्याकडील कोणाच्या तरी तोंडून ऐकली असावी असा अभ्यासकांचा कयास आहे, व मला तो पटतो. स्ट्रॅबोनें त्यास ह्याबद्दल लबाड ठरविलें. पण ठरवितांना तो उतारा स्वतःच्या ग्रंथांत उतरून ठेवला! अशा लांबकान्यांस प्लिनीच्या लॅटिन ग्रंथांतही जागा मिळाली. पुढें १४९३ सालीं जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथें छापलेल्या जगाच्या इतिहासांत लांब कानांच्या माणसाचें चित्रच आलें. सुमारें अठराशें वर्षें ही माणसें ग्रंथांतून फिरत होतीं, आणि तीं नेहमीं दुसऱ्याच देशांत, कडेच्या अरण्यांत राहत होतीं. आपल्या गांवीं कोणीच त्यांस पाहिलें नाहीं.

मारुबोंच्या वार्तेंतील जमात ही त्या कर्णप्रावरणांच्या कुळांतली आहे. आजचा वाचक लांब कानांवर विश्वास ठेवणार नाहीं. परंतु अरण्यांत राहणारा मनुष्य लहान मुलासारखा निष्पाप असतो, व आपल्या एका यंत्राचा स्पर्श होतांच तो बिघडतो, ह्यावर त्याचा अजून विश्वास आहे. त्यांत वाचकाची दुहेरी सोय होते. स्वतःच्या घरांत चाललेल्या गोष्टीबद्दलची लाज दुसऱ्याच्या अंगावर ढकलतां येते, आणि शिवाय त्याची कींवही करितां येते. मीं त्या गुरुवारीं केलें तें ह्याहून निराळें नव्हतें. श्रोत्यांपैकीं दोघांच्या खिशांत त्या वेळीं फोन वाजत होता.

मूळांत जगापासून अलिप्त ही कल्पनाच मारुबोंस लागू पडत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रबराच्या चिकासाठीं व्यापाऱ्यांच्या टोळ्या त्या अरण्यांत शिरल्या, तेव्हांपासून बाहेरच्यांशीं त्यांचा संबंध आहे, व तो बहुतांशीं दुःखाचा आहे. पानो भाषाकुलांतील निरनिराळ्या गटांचे जे लोक त्या धामधुमींतून वांचले, ते ज्वांव तुशावा नांवाच्या नायकाच्या भोंवतीं इतुईच्या वरच्या अंगास एकत्र झाले. त्यांतून आजचा हा समाज बनला. मारुबो हें नांवही बाहेरच्यांनीं चिकटविलेलें आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें मिशनरी आले, सरकारी माणसें आलीं, बिनतारी संदेशयंत्रें आलीं. तरुण मंडळी शहरांत जाऊन येऊन असत. 'नऊ महिन्यांपूर्वीं जगाची ओळख झाली' असें ज्यानें लिहिलें, त्यानें शंभराहून अधिक वर्षें एका ओळींत खोडलीं.

ह्या लोकांचें वाङ्मय मौखिक आहे, व तें लहानसहान नाहीं. 'साइती' म्हणून त्यांचीं दीर्घ कथागीतें आहेत. जग कसें झालें, माणसें कोठून निघालीं, हें त्यांत गाइलेलें असतें. पेद्रो सेझारिनो ह्या ब्राझीलच्या अभ्यासकानें त्यांची भाषा शिकून, मारुबो गायकांपाशीं बसून, ह्या परंपरेवर 'ओनिस्का' हा ग्रंथ २०११ सालीं प्रसिद्ध केला, व कथागीतांच्या भाषांतराचा दुसरा ग्रंथ २०१३ सालीं काढला. आमच्या मंडळींस ह्याचें मोल सांगणें नको. वैदिक पाठशाळांतून मुखपरंपरा कशी राखली जाते हें आपण पाहिलेलें आहे. ज्या बातम्या मीं वाचल्या, त्यांपैकीं एकींतही ह्या गीतांचें नांव नव्हतें. ज्याच्याजवळ अशी संहिता आहे त्या समाजाची जगास ओळख झाली ती एका चित्रफितीच्या निमित्तानें!

येथें एक उलट बाजूचा इशारा देणें अवश्य आहे. शंका घेण्याची एकदां चटक लागली म्हणजे मनुष्य सर्वच खोटें म्हणूं लागतो. १९७१ सालीं फिलिपाइन्समधील मिंडानाओ बेटावर तसादाय नांवाची सव्वीस माणसांची टोळी सांपडल्याचें जाहीर झालें. तीं गुहेंत राहणारीं, पाषाणयुगांतलीं माणसें, अशी त्यांची ख्याति झाली, व नॅशनल जिऑग्रफिक मासिकानें १९७२ च्या ऑगस्टांत त्यांस मुखपृष्ठावर आणलें. १९८६ सालीं मार्कोस ह्यांची राजवट कोसळल्यावर ओस्वाल्ड इटेन हा स्विस पत्रकार तेथें गेला, आणि सारा प्रकार बनावट असल्याची बातमी त्यानें दिली. मग जगानें ती दुसरी बातमीही पहिलीइतक्याच उत्साहानें गिळली. पुढें लॉरेन्स रीड ह्या भाषाशास्त्रज्ञानें त्यांच्या बोलीची छाननी केली तेव्हां दिसून आलें कीं, त्यांची बोली शेजारच्या मानोबो बोलींशीं जवळची असली तरी तिला स्वतःचें वेगळेपण आहे. म्हणजे ते पाषाणयुगांतले नव्हते, आणि भाड्यानें आणलेले सोंगाडेही नव्हते. दोन्ही बातम्यांत ती माणसें तेवढीं राहून गेलीं होतीं.

तोच न्याय मारुबोंस लावला पाहिजे. त्या पुढाऱ्याची तक्रार खरीच होती; ती खोडून टाकून सर्व कांहीं छान चाललें आहे असें म्हणणें हा दुसरा प्रक्षेप होईल. मूळ लेखाचाही ताळा घेतला पाहिजे. प्रत्यक्षदर्शी असला तरी तो एका वेळीं, थोड्या दिवसांत, दुभाष्यांच्या मार्फत पाहणारा असतो, आणि कोणतें वाक्य कोठें ठेवावें हें तोच ठरवितो. खुद्द मारुबो लोकांनीं मे २०२५ मध्यें अमेरिकेंतील लॉस एंजलिस येथील न्यायालयांत न्यूयॉर्क टाइम्स, टीएमझेड व याहू ह्यांच्यावर बदनामीचा दावा दाखल केला, व त्यांत किमान १८ कोटी डॉलर भरपाई मागितली. मूळ लेखानेंच आपणांस अशा रंगांत दाखविलें कीं पुढील विपर्यास अटळ झाला, हें वादींचें म्हणणें. लेख नीट वाचल्यास तो समजूतदार व सर्व बाजू पाहणाराच दिसेल, हें त्या दैनिकाचें म्हणणें. मीं लेख दोनदां वाचला आहे. नकला करणाऱ्यांचा दोष मूळ लेखकावर घालावा असें मला वाटत नाहीं. परंतु ज्यास नकलणाऱ्यांच्या संवयी ठाऊक आहेत, त्यानें समासांत काय लिहावें ह्याचा विचार करावा, इतकें मात्र वाटतें.

हा केवळ अब्रूचा प्रश्न असता तरी पुरेसा होता. परंतु तेवढाच तो नाहीं. मारुबोंचा प्रदेश म्हणजे जावारी खोरें. क्षेत्रफळ सुमारें ८५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून कांहींसें अधिक. २००१ सालीं ब्राझील सरकारनें तो आदिवासींसाठीं राखून त्याच्या सीमा कायम केल्या. बाहेरच्यांशीं संबंध न ठेवणाऱ्या टोळ्या जगांत सर्वांत अधिक जेथें आहेत, त्यांपैकीं हें खोरें होय. चोरून मासे धरणारे, सोनें काढणारे व मादक द्रव्यांची नेआण करणारे ह्यांचा तेथें सतत उपद्रव असतो. आदिवासींचे कैवारी ब्रुनो पेरेइरा व इंग्रज पत्रकार डॉम फिलिप्स ह्यांचा खून जून २०२२ मध्यें तेथेंच इताकुआई नदीवर झाला. अशा ठिकाणीं चोराची वर्दी त्याच दिवशीं देतां येणें ही चैन नव्हे. 'इंटरनेट मिळालें आणि हे लोक बिघडले' हा पाठ रूढ झाला म्हणजे, ह्यांस तें साधन नकोच असें म्हणणाऱ्यास आयतें प्रमाण मिळतें. त्यांच्या वतीनें जमीन कोणी राखावी, बोलावें कोणी, हेंही मग दुसरेच ठरवितात. छापलेला शिक्का किती टिकतो हें आपल्याकडे १८७१ च्या कायद्यानें गुन्हेगार ठरविलेल्या जमातींस विचारावें. कायदा १९५२ सालीं रद्द झाला. शब्द अजून ऐकूं येतो.

त्या गुरुवारच्या बैठकीस मी पुन्हां गेलों, मूळ लेख व ११ जूनचा लेख ह्यांतील मुख्य भाग मराठींत सांगितला, आणि माझी चौकट मागें घेतली. एका वृद्ध स्नेह्यांनीं विचारलें, "मग पहिलें वाचलें तें फुकटच म्हणावयाचें?" मीं म्हटलें, फुकट नव्हे, तें कात्रण मीं जपून ठेवलें आहे. त्याच्या पाठीवर तारीख, पत्राचें नांव, 'नक्कल, मूळ प्रतीशीं ताडून पाहिली, विपर्यस्त' असा शेरा व गळलेल्या तीन मुद्द्यांची नोंद केली आहे. हल्लीं कात्रणांच्या संग्रहास इतिहासाचें साधन मानण्याची पद्धत पडत आहे, व ती योग्य आहे. परंतु पन्नास वर्षांनीं तीं कात्रणें उघडणाऱ्यास हा शेरा नसेल तर तो काय समजेल?

ह्या वार्तेचीं मराठी रूपें किती व कोणत्या क्रमानें निघालीं तें लावून पाहण्याचा प्रस्तुत लेखकाचा विचार आहे. ज्या सभासदांच्या संग्रहीं जून व जुलै २०२४ मधील अशीं कात्रणें असतील, त्यांनीं तीं, अथवा त्यांच्या नकला, पत्राचें नांव, तारीख व पानाचा आंकडा ह्यांसह मंडळाच्या पत्त्यावर धाडावीं. मूळ कात्रणें काम होतांच परत केलीं जातील.